पिशवीजवळचा माणूस

"मुलीसाठी पाहिजे का?" असं दुकानदाराने विचारलं आणि प्रफुल्ल "हो" म्हणून गेला.

दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला हिरवं पेन लावलेला माणूस शनिवारी दुपारी नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडच्या फर्निचरच्या दुकानात शिरतो, अभ्यासाची टेबलं बघतो, ड्रॉवर ओढून बघतो, वरून तळवा फिरवून कुठे कुसळ तर लागत नाही ना याची खात्री करतो, आणि खिडकीचा उजेड डावीकडून येत असेल तर खण कोणत्या बाजूला बरे असा प्रश्न विचारतो, तर तो कुणाचा तरी बाप असणार हे दुकानदार निजामभाईंनी केव्हाच धरलं होतं. विचारलं ते आपलं बोलायचं म्हणून. पण "हो" म्हटल्याबरोबर प्रफुल्ल आतल्या आत अडखळला. जिन्यावर अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. सरळ सरळ खोटं असं त्याने आयुष्यात फार थोडं सांगितलं होतं. तो सीए होता, लोकांचे हिशेब तपासायचा, आणि खोटं सांगायचं काम समोरच्यांकडे असायचं. "कितवीला आहे?" निजामभाईंनी पुढचं विचारलं. "बारावी झाली. आता सीए करणार आहे, म्हणून राहायला येतेय इकडे." हे तर आणखीच पुढचं. यातलं काहीही ठरलेलं नव्हतं. मुलगी त्याची नव्हती, ती सीए करणार की नाही हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि ती त्याच्या घरी राहायला येणार ही गोष्ट तर अजून कुणाच्या तोंडूनही निघाली नव्हती. तरी त्याने पैसे भरले, उपनगर भागातल्या आपल्या घराचा पत्ता लिहून दिला आणि "सोमवारीच पाठवा हं, उद्या नको" असं दोनदा बजावून तो बाहेर पडला. रस्त्यावर ऊन होतं, आणि कुणीतरी आपल्याला रंगेहाथ पकडलं आहे असं त्याला उगाचच वाटत राहिलं.

सगळं झालं ते वेदिकाच्या फोनमुळे. वेदिका त्याच्या धाकट्या बहिणीची, सुवर्णाची, एकुलती एक मुलगी. सुवर्णा मनमाडला, नवरा राकेश रेल्वेत. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी वेदिकाचा फोन आला. "मामा, मी सीए करू का? पप्पा म्हणतात रेल्वेच्या परीक्षा दे, सुखात राहशील. आई म्हणते मामाला विचार, तो सांगेल ते खरं. मी रविवारी येते. फोनवर नका सांगू." एवढं बोलून ती थांबली आणि मग म्हणाली, "आणि खरं खरं सांगा." यात अवघड असं काही नव्हतं. अशिलांची पोरं बारावी झाली की त्याच्या टेबलासमोर आणून बसवली जात, आणि तो त्यांना जे सांगायचा ते त्याला पाठ होतं: बैठक पाहिजे, घाई नको, पहिल्या झटक्यात नाही निघालं तर खचायचं नाही. पण फोन ठेवून तो उठला तो स्वयंपाकघरात न जाता आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आई गेल्यापासून ती खोली तशीच होती. पलंगाची गादी गुंडाळलेली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात आईची काठी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. इथे टेबल छान बसेल, असं त्याच्या मनात आलं. तो विचार इतका साधा होता की त्याच्याकडे कुणी संशयाने बघितलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याच्या लक्षात आलं, की वेदिकाला काय सांगायचं याचा त्याने अजून विचारच केलेला नाही, आणि टेबलाची लांबी मात्र ठरवून टाकली आहे.

स्कूटर काढून तो नाशिकरोडच्या रस्त्याला लागला. या रस्त्यावरच्या पुष्कळ पाट्या त्याच्या ओळखीच्या होत्या, आणि ओळखीच्या म्हणजे नुसत्या वाचलेल्या नव्हेत. ते औषधांचं दुकान: दोन भाऊ एकाच गल्ल्यावर बसतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, पण दोघांनी आपापलं भांडवल हळूहळू बाहेर काढायला सुरुवात केली आहे, आणि हे त्यांच्या बायकांनाही ठाऊक नाही. पलीकडचं सायकलचं दुकान. त्या माणसाच्या कागदांत एका वर्षी मुलाच्या शाळेची फी नव्हती आणि मुंबईच्या दवाखान्याची बिलंच बिलं होती. पुढच्या वर्षी फीही नव्हती आणि बिलंही नव्हती. प्रफुल्लने कागद मिटले, काही विचारलं नाही. अजूनही तो माणूस वर्षातून एकदा येतो, दोघं चहा पितात, पावसापाण्याचं बोलतात आणि मुलाचं नाव निघत नाही. अख्खं गाव असं त्याच्या आत भरलेलं होतं. नवी गाडी कुणी कर्जाने घेतली, कुणी देणगी देतो आणि नाव लावू देत नाही, कुणाच्या घरात आता दोन चुली आहेत. आपल्याला हे माहीत आहे असं तोंडावर दिसू द्यायचं नाही, ही तर या कामाची पहिलीच अट. त्यामुळे लग्नकार्यात भेटलेले अशील त्याच्याशी जरा जपूनच बोलायचे. डॉक्टरसमोर माणूस पोट आत घेतो ना, तसे. मग तोही कोपऱ्यात सरबताचा ग्लास घेऊन उभा राहायचा आणि लवकर निघायचा.

पण वेदिकाला एवढंच सांगितलं तर ते खरं होईल का? सिग्नलला थांबला असताना त्याला मालेगाव आठवलं. आर्टिकलशिपची वर्षं, एका सीए सरांच्या हाताखालच्या उमेदवारीची. सरांनी त्याला मुस्तकीमशेठच्या कारखान्यात कापडाचा साठा मोजायला पाठवलं होतं. यंत्रमागांचा असा काही खडखडाट, की पहिल्या दिवशी रात्री जेवतानाही तो कानात चालू होता. कापसाची धूळ नाकात, भुवयांवर, चहाच्या कपात. लुंगी बनियनवरचे कारागीर या शाळकरी दिसणाऱ्या पोराकडे बघून हसायचे, आणि तो गठ्ठ्यांवर चढून, खडूने खुणा करत, एक एक तागा मोजत जायचा. पुस्तकात लिहिलेलं कापड आणि गोदामातलं कापड जुळेना. मुस्तकीमशेठ चिडले नाहीत. "बेटा, कपडा कहाँ जाएगा, है तो यहींच," एवढंच म्हणाले. शेवटी रंगाईला गेलेले गठ्ठे सापडले, आणि त्या दुपारी कापड आणि कागद असे काही बरोब्बर जुळले, की प्रफुल्लला अंगावर काटा आला. जगात एक गोष्ट तरी आहे जी म्हटली तशीच निघते, याचा तो आनंद होता. कुणालातरी ते सांगावं असं त्याला फार वाटलं. लॉजच्या खोलीत कुणी नव्हतं. मग त्याने खाली उतरून चहावाल्याला सांगितलं. चहावाला म्हणाला, "बरं झालं." आज इतक्या वर्षांनी सिग्नलला उभं राहूनही तो आनंद त्याला जसाच्या तसा आठवत होता, आणि तो चहावालाही.

घरी येऊन त्याने चहा केला आणि कागद घेऊन बसला. वेदिकाला जे सांगायचं ते नीट मांडून ठेवावं, बाजूने काय, विरुद्ध काय. आईला हे बघून हसू आलं असतं. आई, यशोदाबाई, होती तोवर या घरात प्रश्न होते. जेवलास का, उशीर का, छत्री कुठे ठेवलीस. आणि रोज एक ठरलेला: "आज कुणाचं तपासलं?" "सांगता येत नाही, आई." "नको सांगू. पण माणूस बरा होता का?" "बरा होता." या एका वाक्यापलीकडे त्याने तिला कधी काही सांगितलं नाही, आणि तिला तेवढं पुरायचं. आता ते विचारणारं कुणी नव्हतं, आणि तपासलेली माणसं बरी होती की नव्हती हे ठरवायचंच त्याने सोडून दिलं होतं. त्याने हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि हाताच्या सवयीने, डोकं दुसरीकडेच असताना, वर पहिलं वाक्य लिहिलं: यात माझा किंवा माझ्या जवळच्या नातलगाचा कोणताही हितसंबंध नाही.

हे वाक्य तो प्रत्येक काम हातात घेण्याआधी लिहायचा. इतर लोक छापील कागदावर सही करून मोकळे होत. त्याला सरांनी हाताने लिहायला शिकवलं होतं, कारण लिहिताना माणूस एकदा तरी थांबतो. ज्यात आपलं काही अडकलेलं आहे त्याची तपासणी आपण करायची नाही. मत द्यायचंच नाही, मग ते कितीही खरं असो. असाच तो एकदा दत्तूच्या पतसंस्थेच्या वेळी थांबला होता. दत्तू त्याचा चुलतभाऊ, संचालक मंडळावर निवडून आला आणि मोठ्या हौसेने काम घेऊन आला. प्रफुल्लने चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. "मी चोर आहे का?" दत्तूने विचारलं. "नाही. तू भाऊ आहेस," प्रफुल्ल म्हणाला. त्याला वाटलं यात सगळं आलं. पण त्या वर्षीपासून दत्तूच्या घरची आमंत्रणं बंद झाली, आणि दत्तूच्या सांगण्यावरून बाकीच्या भाऊबंदांचीही. वाक्य मात्र तो लिहीत राहिला, आणि वर्षानुवर्षं लिहिता लिहिता ते इतकं खरं होत गेलं, की आता नाशिक जिल्ह्यात कुठेच त्याचं काही अडकलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा ते वाक्य लिहून झाल्यावर पेन पुढे सरकेना. निजामभाईंची पावती समोरच पडली होती. त्याने बाजूने लिहायचं ठरवलं, तर प्रत्येक मुद्द्यामागे तो आईच्या खोलीत दिवा लागलेला बघत होता. विरुद्ध लिहायला घेतलं, तर आपण आपल्यालाच शिक्षा देतो आहोत आणि त्याचंही एक समाधान मिळतं आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं. बऱ्याच वेळाने त्याने कागद चुरगळला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. समोरच्या गच्चीवरून एक बाई कपडे काढून घेत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने नमस्कार करावा की काय या विचारात असताना ती आत निघून गेली.

आणि तिथे उभं असतानाच त्याला सुवर्णाचं लग्न आठवलं. ते त्याला आठवायचं तेव्हा नेहमी ऐकूच यायचं, दिसायचं नाही. घराण्यात कुणाचंही लग्न असो, मांडवाच्या दाराशी सतरंजी टाकून आहेर लिहून घ्यायला प्रफुल्लला बसवायचे. हिशेबाला पक्का म्हणून. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून. लोक यायचे, पाकीट द्यायचे, गावाचं आणि आपलं नाव मोठ्याने सांगायचे, आणि तो मान खाली घालून लिहायचा. त्यामुळे घरातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत तो असलाच तर त्याचा भांग तेवढा दिसतो. पण सुवर्णाच्या लग्नात तरी कुणीतरी दुसरं बसेल, असं त्याला वाटलं होतं. तो नवरीचा भाऊ होता. बाबांनी, म्हणजे सहादूंनी, मंगल परिणय सुरू व्हायच्या आधी आहेराच्या पाकिटांची कापडी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "दुसऱ्या कोणावर भरोसा नाही बाबा. पिशवी सोडून उठायचं नाय." तो उठला नाही. आतून त्रिशरण ऐकू आलं, फुलं उधळल्याचा आवाज, टाळ्या, मग पंगतींचा गलबला. शेवटी बायकांचं रडणं सुरू झालं तेव्हा पाठवणी चालली आहे हे त्याला कळलं. तो पिशवी घट्ट धरून बसला होता. आत्ता कुणीतरी येईल, म्हणेल जा, मी बसतो. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग गाडी गेली. माहेरी आल्यावर सुवर्णाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि त्यानेही नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने वेदिका आली. "जय भीम, मामा," म्हणत तिने चपला काढल्या, आणि सुवर्णाने दिलेला सुकटीच्या चटणीचा डबा आधी त्याच्या हातात ठेवला. ती उंच झाली होती. चालताना सुवर्णासारखी एक खांदा जरा पुढे काढून चालत होती. त्याने बटाट्याची भाजी केली होती, जिलबी आणली होती. दोघं जेवले. चटणी तिखट होती. ती म्हणाली, "आईनं लय मिरची घातली, तुम्हाला आवडते म्हणून." जेवण झाल्यावर तिने ताटं उचलली, हात पुसले आणि समोर येऊन बसली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. प्रफुल्लने घसा साफ केला. परीक्षा अवघड आहे, म्हणाला. हुशार मुलंही अडकतात. आर्टिकलशिपला राबावं लागतं आणि हातात नावापुरतं पडतं. मार्च आणि सप्टेंबर, म्हणजे हिशेब पुरे करून द्यायचे महिने, आपले नसतात. पण कामाला मरण नाही. लोक म्हणतात आता सगळं कॉम्प्युटर करणार. बेरीज करेलच, करतोच आहे; पण बिलात लिहिलाय तो माल गोदामात खरंच आहे का, हे बघायला कुणालातरी जावंच लागेल. त्याने मालेगावचंही सांगितलं, कापड आणि कागद जुळल्याचं. त्या ठिकाणी ती जराशी पुढे सरकली.

"मामा, परीक्षेचं आणि नोकऱ्यांचं सगळं यूट्यूबवर आहे," ती म्हणाली. "कापडाचं नव्हतं. पण मला दुसरंच विचारायचंय."

"विचार ना."

तेवढ्यात बेल वाजली. दारात निजामभाई उभे होते आणि त्यांच्या मागे जिन्यात दोन हमालांनी धरलेलं टेबल. "साहेब, तुम्ही सोमवार म्हटले होते, पण आपला टेंपो इकडे जेलरोडला येणारच होता. म्हटलं बच्चीचा अभ्यास कशाला एक दिवस खोळंबवायचा?" मग त्यांचं लक्ष वेदिकाकडे गेलं आणि ते कौतुकाने हसले. "हीच का तुमची मुलगी? बेटा, ड्रॉवरला कुलूप बसवलंय. तुझे पप्पा बोलले नव्हते, मीच बसवलं. पोरींना आपली एक जागा लागते." त्यांनी दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. प्रफुल्ल काहीतरी बोलायला गेला, पण हमाल विचारत होते कुठे ठेवायचं, आणि त्याला हाताने आईच्या खोलीकडे दाखवावं लागलं. टेबल खिडकीखाली बसलं. नेमकं बसलं, इकडे तिकडे बोटभरही जागा उरली नाही. निजामभाईंनी वरून फडकं फिरवलं, पाणी प्यायले, "खूप शिक," म्हणाले आणि गेले.

वेदिका खोलीच्या दारात उभी होती. तिने टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग हातातल्या किल्ल्यांकडे. "मामा, मी तुमची मुलगी आहे असं सांगितलं तुम्ही त्यांना?"

"त्यांनीच विचारलं. मी हो म्हटलं."

"आणि मी इथे राहणार असंही?"

प्रफुल्ल आईच्या पलंगाच्या कडेवर बसला. त्याला लाज वाटत होती, पण त्या लाजेत एक सुटल्यासारखंही होतं. "वेदिका, मला तुला मत देता येणार नाही," तो म्हणाला. "मी आत्ता जे सांगत होतो ते खोटं नव्हतं. पण ते सांगणारा माणूस बरोबर नाही. तू आलीस तर या घरात कुणीतरी असेल. दार उघडल्यावर आत दिवा असेल. मला ते फार हवंय, इतकं हवंय हे मलाच माहीत नव्हतं. म्हणून मी तुला कर म्हणेन. आणि ते मला कळतं, म्हणून चांगुलपणाच्या भरात नको म्हणेन. दोन्ही सारखंच. आमच्या कामात अशा वेळी बाजूला व्हायचं असतं."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि लांब गेली. मग ती टेबलाला टेकून उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला जे विचारायचं होतं ना, ते याचंच होतं. पप्पा म्हणाले, सीए होऊन मामासारखं एकटं राहायचंय का तुला? आई त्यांच्यावर चिडली. पण ते माझ्या डोक्यातून जात नाही. हे काम माणसाला असं करतं का, मामा? तेवढंच सांगा. त्यात तर तुमचा काही फायदा नाही ना?"

होता. प्रफुल्लला तो लगेच दिसला, आणि तो टेबलापेक्षा मोठा होता. हो, काम असंच करतं, एवढं म्हटलं की झालं. मग त्याचं सगळं आयुष्य कुणाचीच चूक नसलेलं होऊन जात होतं. मार्च, सप्टेंबर, दत्तू, सरबताचा ग्लास, सगळं कामाच्या नावावर टाकून मोकळं. राकेशचं म्हणणं खरं ठरलं असतं, पोरगी रेल्वेच्या परीक्षेला बसली असती, आणि दर रविवारी कुणीतरी त्याच्याबद्दल हळहळलं असतं. तो मोह त्याला खरोखर झाला. त्याने आईच्या काठीकडे बघितलं. माणूस बरा होता का, एवढंच तर तिला हवं असायचं.

"नाही," तो म्हणाला. "कामाने नाही केलं. काम चांगलं आहे. माझे सर अख्ख्या गल्लीत नाचायचे गणपतीला, आणि माझ्याहून कडक ऑडिटर होते." मग त्याने तिला आहेराच्या सतरंजीचं सांगितलं. पिशवीचं, बाबांच्या शब्दांचं, गाडीच्या दाराच्या आवाजाचं. आजवर हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि सांगताना ते फार लहान निघालं. "बाबांनी ते एका दिवसापुरतं सांगितलं होतं गं. मी उठलोच नाही. पिशवी कुठेही ठेवून जाता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं."

"आई सांगते हे," वेदिका म्हणाली. "म्हणजे तिच्या बाजूचं. ती म्हणते, पाठवणीला ती रडलीच नाही. सगळ्या बायका रडत होत्या आणि ही आपली मान वळवून बघतेय. दादा आला की रडू, म्हणून थांबली होती. तेवढ्यात गाडी सुटली. नंतर तिला रडू यायलाच तयार नाही. अजून म्हणते, ते रडायचं राहिलं माझं."

प्रफुल्लने गुंडाळलेल्या गादीची कड बोटाने सरळ केली. वेदिकाने किल्ली लावून टेबलाचा ड्रॉवर उघडून बघितला. मग म्हणाली, "मी करते, मामा. सीए."

"नीट विचार कर. घाई नाही."

"केला. तुम्ही ते कापडाचं सांगितलं तेव्हाच कळलं, मला ते बघायला आवडेल. भीती राहिली होती, ती गेली." पुढचं बोलणं तिला जड जात होतं हे दिसत होतं. "पण मी इथे नाही राहणार. माझी मैत्रीण आहे, रुखसार, ती कॉलेजरोडला हॉस्टेलला राहणार आहे. क्लास तिथंच. इथे राहिले ना, तर मी अभ्यासासाठी आले की तुमच्यासाठी, हे मलाच कळणार नाही. एखाद्या दिवशी सोडावंसं वाटलं तर तुमच्याकडे बघून सोडता येणार नाही. तुम्हीच म्हणालात ना, आपलं अडकलेलं असलं की बाजूला व्हायचं." तिने एक किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि दुसरी टेबलावर ठेवली. "टेबल राहू द्या. रविवारी येत जाईन."

बरोबर होतं. त्याने शिकवलं असतं तर याहून नीट शिकवता आलं नसतं, आणि त्याला तिचा अभिमान वाटला, आणि तो अभिमान आणि आतलं दुःख एकाच जागी इतकं खेटून होतं की कुठलं कुठे संपतं ते कळेना. "हुशार आहेस," तो म्हणाला. "चांगली ऑडिटर होशील." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते.

दुपारच्या गाडीला तो तिला सोडायला नाशिकरोडला गेला. सवयीने ऑफिसची पिशवी खांद्याला होती, आत दोन अशिलांची कागदपत्रं. रविवार असला तरी ती त्याच्याबरोबर असायची. गाडी आली. गर्दी होती, तरी वेदिकाला खिडकी मिळाली. तो मागे बाकापाशी उभा राहिला, पिशवी बाकावर टेकवून, एक हात पिशवीवर ठेवून. इथून दिसते आहे की, असं त्याला वाटलं. गाडीने हिसका दिला आणि हळूच हलली. तेव्हा त्याला खिडकीतला तिचा चेहरा दिसला. ती मान वळवून वळवून फलाटावरच्या माणसांत त्याला शोधत होती, आणि तो तिला सापडत नव्हता. असंच बघितलं असणार सुवर्णाने. प्रफुल्लने पिशवीवरचा हात काढला. लोकांना ढकलत, "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत तो पुढे गेला, चालत, मग जरासा धावत, आणि खिडकीच्या गजाला त्याचा हात लागला. "काय मामा, काही राहिलं का?" "नाही. पोचलीस की फोन कर. आणि आईला सांग, मामा आला होता सोडायला. खिडकीपर्यंत आला होता." "सांगते," ती म्हणाली. मग गज त्याच्या हातातून सुटला.

तो परत आला तेव्हा बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या आणि पिशवी त्यांनी आपल्याजवळ ओढून घेतली होती. "काय हो, असं सामान टाकून पळत्यात का? कोणी नेलं असतं म्हणजे?"

"नेलं असतं," प्रफुल्ल म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला.

"मुलगी होती काय?"

"नाही," तो म्हणाला. "भाची. बहिणीची मुलगी." आणि मग, फलाट रिकामा होत असताना, त्या अनोळखी बाईंच्या शेजारी बसून, इतक्या वर्षांचं राहिलेलं ते रडू त्याला आलं. बाईंनी आपली पाण्याची बाटली तेवढी त्याच्या बाजूला सरकवली.